जंगलातली चांदमारीची जागा साफ करायची तर: अमेरिकेतल्या मराठी स्वयंसेवकांसाठी

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत नॅशनल फॉरेस्टमधल्या कच्च्या रस्त्यांच्या कडेला जुन्या खडीच्या खाणी आहेत, लाकूडतोडीसाठी सपाट केलेली पटांगणं आहेत. समोर मातीचा कडा आणि गाडी लावायला जागा असली की तिथे लोक बंदुका घेऊन नेमबाजीला येतात. तिकीट नाही, नोंदणी नाही, देखरेखीला कुणी नाही. यात बेकायदा काही नाही. जिथे बंदी जाहीर केलेली नाही आणि अंतराचे नियम पाळले जातात, तिथे सरकारी जंगलात नेमबाजी चालते. प्रश्न मागे राहणाऱ्या कचऱ्याचा आहे. नेम धरायला म्हणून जुने टीव्ही, फ्रिज, प्रिंटर, रंगाचे डबे, गॅसच्या टाक्या आणल्या जातात, चाळणी होईपर्यंत फोडल्या जातात आणि तिथेच सोडल्या जातात. मग घरातला सोफा टाकून द्यायलाही लोक त्याच जागी येतात. कचरा हाताबाहेर गेला की वनखातं जागा बंद करतं, आणि तीच मंडळी रस्त्याने आणखी दहा मैल आत जाऊन नवी जागा घाण करतात.

सिएटल, डेन्व्हर, फिनिक्स या भागांतली मराठी मंडळं आणि मित्रमंडळींचे गट हल्ली अशा सफाईत उतरू लागतात तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर समुद्रकिनाऱ्याची सफाई असते: हातमोजे, पिशव्या, दोन तास, मग डबे उघडून जेवण. इथे तसं चालत नाही. इथे शिसं आहे, न उडालेली काडतुसं आहेत, आणि व्हिसावर राहणाऱ्यांसाठी एक कायदेशीर खड्डा आहे, त्याबद्दल चौथ्या पायरीत सविस्तर लिहिलं आहे. तेवढा भाग तरी मंडळाच्या गटात पाठवाच.

उदाहरणं वॉशिंग्टन राज्यातली दिली आहेत. दुसऱ्या राज्यात खात्यांची नावं आणि कचऱ्याचे नियम बदलतील, कामाचा क्रम तोच राहील.

१. जमीन कुणाची, ते आधी पक्कं करा

कॅस्केड पर्वताच्या पट्ट्यात रस्त्याच्या एका हाताला माउंट बेकर-स्नोक्वाल्मी नॅशनल फॉरेस्ट, दुसऱ्या हाताला राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याची, म्हणजे डीएनआरची जमीन, आणि पुढच्या वळणावर लाकूड कंपनीची खासगी जमीन असं सर्रास दिसतं. १८६४ साली रेल्वेमार्गासाठी नॉर्दर्न पॅसिफिक कंपनीला एकाआड एक चौकोन देण्यात आले, त्या पटावरच आजच्या हद्दी आहेत. त्यामुळे ‘जंगल आहे म्हणजे सरकारी असेल’ हा अंदाज इथे कामाचा नाही.

जागेचे अक्षांश-रेखांश घ्या आणि जमिनीची मालकी दाखवणाऱ्या नकाशावर ताडून पाहा. ऑनएक्ससारखी अ‍ॅप हे दाखवतात. नॅशनल फॉरेस्टचा वाहनमार्गांचा नकाशा फुकट मिळतो, त्यावर रस्ता वर्षातून कधी उघडा असतो तेही कळतं. खासगी जमीन निघाली तर मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पाऊल ठेवू नका.

नेमबाजीचे मूळ नियमही माहीत असू द्या, कारण जागा साफ करून पुढे चालू ठेवण्यासारखी आहे का, हे त्यावर ठरतं. नॅशनल फॉरेस्टमध्ये घर, इमारत, तंबूची जागा किंवा विकसित सहलीच्या ठिकाणापासून १५० यार्डांच्या आत गोळी झाडता येत नाही. रस्त्यावरून किंवा रस्त्याच्या आरपार, पाण्याच्या साठ्यावरून आणि गुहेतही नाही. डीएनआरच्या जमिनीवर नियम आणखी कडक आहे: नेमबाजीसाठी मुद्दाम बनवलेली लक्ष्यंच वापरायची, घरची उपकरणं, फर्निचर, काच चालत नाही. जागा मुळातच बेकायदा असेल तर अधिकारी सफाईबरोबर ती बंद करण्याचाही विचार करतील. ते त्यांच्यावर सोडा.

२. रेंजर कार्यालयाशी बोला आणि फॉर्म भरा

नॅशनल फॉरेस्टचा कारभार रेंजर डिस्ट्रिक्टमध्ये विभागलेला असतो. मुख्यालयाला ईमेल पाठवण्यात वेळ घालवू नका, त्या डिस्ट्रिक्टच्या कार्यालयात फोन करून स्वयंसेवकांचं काम कोण पाहतं ते विचारा. सहा ते आठ आठवडे हातात ठेवा. कर्मचारी कमी असतात, आणि वणव्याच्या दिवसांत सगळे तिकडे गेलेले असतात.

स्वयंसेवा करार म्हणून ओएफ-३०१ए हा फॉर्म एकट्यासाठी आहे, गटासाठी त्याची जोडयादी ओएफ-३०१बी. हा कागद म्हणजे नुसता सोपस्कार नव्हे. १९७२ च्या नॅशनल फॉरेस्ट स्वयंसेवक कायद्यानुसार करारावर काम करणाऱ्याला दुखापत झाली किंवा त्याच्या हातून कुणाचं नुकसान झालं, तर त्या बाबींपुरता तो सरकारी कर्मचाऱ्यासारखा धरला जातो. सही नसेल तर हात कापल्यावरचं हॉस्पिटलचं बिल तुमचं. म्हणून आयत्या वेळी आलेल्या मित्रालाही यादीत नाव घातल्याशिवाय कामाला लावू नका. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची सही लागते. डीएनआरचे फॉर्म वेगळे असतात.

पहिल्याच फोनमध्ये हे विचारून घ्या:

- त्या दिवशी जागा किंवा रस्ता अधिकृतपणे बंद ठेवता येईल का? तुम्ही स्वतः दोरी बांधून रस्ता अडवू शकत नाही.
- जिवंत काडतुसं सापडली तर ती कोण ताब्यात घेणार, वनखात्याचा पोलीस अधिकारी की काउंटीचा शेरीफ?
- शिशाचं काय करायचं? मातीच्या कड्याला हात लावायचा की नाही?
- जुन्या वस्तूंची काही नोंद आहे का? पन्नास वर्षांहून जुना गंजका डबासुद्धा इतिहासाचा पुरावा ठरू शकतो, तो उचलण्याआधी विचारावं लागतं.
- कचऱ्याचं शुल्क खातं भरेल का, किंवा माफीचं पत्र देईल का?

तारीख ठरवताना हवामान आणि हंगाम दोन्ही बघा. पश्चिम वॉशिंग्टनमध्ये बर्फ वितळल्यावर, एप्रिलअखेर ते मे हा काळ चांगला. माती ओलसर असते, म्हणून धूळ उडत नाही, आणि इथल्या धुळीत शिसं असतं. जुलै ते सप्टेंबर वणव्यामुळे रस्ते कधीही बंद होतात. सप्टेंबरच्या चौथ्या शनिवारी १९९४ पासून राष्ट्रीय सार्वजनिक भूमी दिन पाळला जातो. त्या दिवशी खात्यांचीही तयारी असते, पण गर्दीही असते. शिकारीचा हंगाम सुरू होण्याआधीचा शनिवार-रविवार मात्र टाळा, कारण रायफलीचा नेम तपासायला सगळे तेव्हाच येतात. ॲरिझोनात हाच हिशेब उलटा, तिथे नोव्हेंबर ते मार्च.

३. माणसं जमवण्याआधी कचऱ्याची सोय लावा

नवख्या गटांची गाडी हमखास इथेच अडते. वीस जण येतात, तीन तासांत ढीग उभा राहतो, आणि शनिवारी दुपारी दोन वाजता कळतं की कचरा केंद्र फुटलेला टीव्ही घेत नाही. म्हणून प्रत्येक प्रकारची जागा आधी फोन करून ठरवा.

मिश्र कचरा ट्रान्स्फर स्टेशनला, म्हणजे कचरा केंद्रात, वजनावर जातो. मोठा कंटेनर भाड्याने घेणार असाल तर त्याची वजनमर्यादा विचारा. क्ले पिजनचे (हवेत उडवून नेम धरायच्या तबकड्यांचे) तुकडे आणि पावसात भिजलेला सोफा हे दिसतात त्यापेक्षा फार जड असतात, कंटेनर अर्धा रिकामा असतानाच मर्यादा संपते. पिकअप ट्रकच्या हौद्यात कडेपर्यंत साधारण २ घनयार्ड माल बसतो, त्यावरून फेऱ्यांचा अंदाज बांधा.

टीव्ही आणि मॉनिटर: वॉशिंग्टनमध्ये ई-सायकल योजनेत २००९ पासून हे फुकट घेतात, पण अख्खे. जुन्या, मागे पोट असलेल्या टीव्हीच्या काचेतच काही पौंड शिसं असतं. गोळ्यांनी फुटलेला असा टीव्ही संकलन केंद्र नाकारू शकतं, तेव्हा त्याची सोय खात्यामार्फत घातक कचरा म्हणून करावी लागते.

फ्रिजमधला वायू प्रमाणित तंत्रज्ञानेच काढायचा असतो. गोळी लागून तो कधीच उडून गेलेला असला तरी केंद्र त्याचे वेगळे पैसे घेतं. टायरचे पैसेही वेगळे. गॅसच्या लहानमोठ्या टाक्या, स्प्रेचे डबे, रंग, तेल, बॅटऱ्या हे सगळं घातक घरगुती कचऱ्याच्या केंद्रात. टाकी रिकामी वाटली तरी तिला भोक पाडू नका.

पितळी पुंगळ्या, म्हणजे झाडलेल्या काडतुसांची रिकामी आवरणं, भंगारवाला घेतो, मात्र त्यात एकही जिवंत काडतूस नसल्याची खात्री त्याला हवी असते, आणि ती हवीच. शॉटगनच्या प्लॅस्टिकच्या पुंगळ्या सरळ कचऱ्यात, कारण प्लॅस्टिकला धातूचं बूड जोडलेलं असल्याने पुनर्वापर कुणी घेत नाही. क्ले पिजन म्हणजे भगव्या रंगाच्या, जेमतेम ११ सेंटिमीटर व्यासाच्या तबकड्या. नावात माती असली तरी त्या चुन्याची भुकटी आणि डांबरी राळ यांच्या असतात, डांबरातली घातक संयुगं जमिनीत उतरतात. ‘मातीच आहे, राहू दे’ म्हणून सोडू नका.

वॉशिंग्टनमध्ये माल झाकून, बांधून नेणं कायद्याने सक्तीचं आहे. किंग काउंटीची केंद्रं उघडा माल आणला तर जादा शुल्क लावतात. ताडपत्री आणि पट्टे म्हणूनच सहाव्या पायरीतल्या यादीत आहेत.

४. व्हिसावर असाल तर काडतुसांना हात लावू नका

अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात, कलम ९२२(जी)(५) मध्ये, नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा दारूगोळा जवळ बाळगणं गुन्हा ठरवलेलं आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, आईवडिलांचा बी-२, हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसाच आहेत. शिकारीचा वैध परवाना असणाऱ्यांना अपवाद आहे. ग्रीनकार्डधारकांना हा मनाई-नियम लागू नाही.

नजरेतून निसटणारी गोष्ट पुढेच आहे. त्याच कायद्यात दारूगोळ्याची व्याख्या केली आहे, आणि तीत जिवंत काडतुसाबरोबर पुंगळी, प्रायमर (बुडातला ठिणगी पाडणारा भाग), गोळी आणि बंदुकीची दारू हे सुटे भागही मोजले आहेत. म्हणजे पितळी पुंगळ्यांची बादली घेऊन उभा असलेला एच-१बीवरचा इंजिनिअर कायद्याच्या अक्षरानुसार नको त्या जागी उभा आहे. सफाई करणाऱ्यावर कुणी खटला भरेल का, हा प्रश्न वेगळा. ग्रीनकार्डची फाइल वर्षानुवर्षं रांगेत असताना ती परीक्षा द्यायचं कारण काय?

उपाय सोपा आहे आणि कामाला त्याने काही कमी पडत नाही:

- पुंगळ्या, गोळ्या आणि काडतुसं फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डधारक उचलतील. त्यांना वेगळ्या रंगाचं जॅकेट द्या.
- बाकीच्यांनी काच, लाकूड, टीव्ही, फर्निचर, क्ले पिजन, कागद आणि प्लॅस्टिक उचलावं. वजनाने बघितलं तर बहुतेक कचरा हाच असतो.
- व्हिसाधारकाच्या गाडीतून पुंगळ्यांची बादली नेऊ नका.
- आपण कोणत्या व्हिसावर आहोत हे फॉर्म भरण्याआधीच खात्याच्या समन्वयकाला सांगा. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

भारतातून आलेल्या आईबाबांना ‘चला, जंगल बघायला’ म्हणून बरोबर नेण्याचा मोह होतो. बी-२ व्हिसा, प्रवासविम्याच्या मर्यादा आणि शिसं, तिन्ही कारणांनी हा बेत सोडा. आठवण म्हणून पुंगळी खिशात टाकायला तर कुणालाच देऊ नका. मुलं ती हमखास उचलतात, ती बॅगेच्या कप्प्यात राहते आणि डिसेंबरच्या मुंबई प्रवासात विमानतळाच्या यंत्रात दिसते. पुंगळीच्या जागी न उडालेलं काडतूस निघालं तर भारतात शस्त्र कायदा, १९५९ खाली गुन्हा दाखल होतो.

५. आधी एक पाहणी

कामाच्या दोन-तीन आठवडे आधी, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी, दोघांनी जाऊन या. नारिंगी जॅकेट घाला. आवाज येत असेल तर गाडी नेमबाजांच्या मागच्या बाजूला थांबवा, समोरच्या अंगाने कधीच जाऊ नका. त्यांनी बंदुका खाली ठेवल्यावर हाक मारून बोला. तुम्ही काय ठरवलं आहे ते त्यांनाही सांगा. जागा बंद झाली तर पहिला तोटा त्यांचाच असतो, आणि काडतुसं ओळखणारी माणसं तुम्हाला हवीच आहेत. जवळच्या शूटिंग क्लबला बोलावणं पाठवलं तर बहुधा दोन-चार अनुभवी हात मिळतात.

पाहणीत टिपायच्या गोष्टी: मोठ्या वस्तू किती, ट्रक वळवायला जागा आहे का, मोबाइलला रेंज कुठपर्यंत, सर्वात जवळचं हॉस्पिटल कोणतं. इंजेक्शनच्या सुया, रसायनांचे डबे, मेलेलं जनावर दिसलं तर फोटो आणि ठिकाण खात्याला कळवा. वाकलेली किंवा खोड पोखरलेली झाडंही टिपा. लक्ष्याचा कागद ठोकून वर्षानुवर्षं गोळ्या घातल्या की भलं मोठं झाडही एका बाजूने कुरतडलं जातं आणि वाऱ्याशिवायही पडतं. अशा झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरात कुणी काम करायचं नाही.

एका ठरावीक दगडाजवळ उभं राहून फोटो काढा. काम झाल्यावर तिथूनच पुन्हा काढायचा आहे.

६. सामान: १५ जणांसाठी

- कापणार नाहीत असे जाड हातमोजे १५ जोड, आत घालायला नायट्राइलचे पातळ मोजे एक खोका
- डोळ्यांचे चश्मे १५, भडक रंगाची जॅकेटं दोन रंगांत
- पाच गॅलनच्या बादल्या १२
- ४२ गॅलनच्या, ३ मिल जाडीच्या कंत्राटदारी पिशव्या ४०, आणि काचेसाठी विणलेली पोती १५
- लोखंडी दाताची दंताळी ४, सपाट फावडी ३, चिमटे ८
- चाकांचं लोहचुंबक १
- खुणेची झेंडी ३०
- जाड तळाचे बूट (प्रत्येकाने आपले), पूर्ण बाह्यांचा शर्ट
- प्रथमोपचार पेटी, रक्त थांबवायच्या पट्ट्यासह
- तोटीचा पाण्याचा कॅन ७ गॅलनचा, साबण, कागदी टॉवेल, शिसं काढणारे पुसणे
- पिण्याचं पाणी माणशी ३ लिटर
- ताडपत्र्या २, पट्टे ६, वॉकीटॉकी ३

घरातल्या साध्या काळ्या पिशव्या आणू नका, काचेने त्या पहिल्या दहा पावलांत फाटतात. पितळाची बादली अर्ध्यावर थांबवा, पूर्ण भरली तर एकट्याला उचलत नाही आणि कडी तुटते. लोहचुंबक जळलेल्या पॅलेटच्या खिळ्यांसाठी; पोलादी पुंगळ्याही त्याला लागतात, पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम लागत नाही, त्यामुळे वर्गवारी आपोआप होते. ते ओढणारा माणूस मात्र काडतुसं ओळखणारा आणि चौथ्या पायरीत बसणारा हवा, कारण पोलादी आवरणाचं जिवंत काडतूसही चिकटून येतं.

यादीत चाळण मुद्दाम नाही. माती चाळून पुंगळ्या वेगळ्या काढायची कल्पना सगळ्यांनाच सुचते. पण चाळताना शिशाची धूळ थेट चेहऱ्यासमोर उडते. पानांच्या थरावर हलकं दंताळं फिरवणं पुरे.

७. कामाचा दिवस

जमल्यावर पहिली पंधरा मिनिटं फक्त सूचना. कुणाला रस्त्याच्या तोंडाशी पहारा, कुणाकडे काडतुसं, कुणाकडे प्रथमोपचार, हे नावानिशी सांगा. पहारेकरी दोन हवेत, वॉकीटॉकीसह. कुणी नेमबाजीला आलं तर नम्रपणे थांबवून संध्याकाळी या म्हणायचं, वाद घालायचा नाही. ऐकत नसेल तर सगळ्यांना बाहेर बोलवायचं आणि अधिकाऱ्याला कळवायचं.

अशा जागेवर कचरा तीन पट्ट्यांत पडलेला असतो, आणि पट्टे कळले की माणसं वाटणं सोपं होतं.

पहिला पट्टा उभं राहून गोळी झाडायच्या रेषेचा. बहुतेक पिस्तुलं आणि सेमी-ऑटो रायफली पुंगळी उजवीकडे फेकतात, म्हणून रेषेच्या उजव्या अंगाला दोन ते पाच मीटरपर्यंत पितळाचा खच असतो. मधून मोडणाऱ्या शॉटगनच्या पुंगळ्या मात्र पायाशी किंवा मागे पडतात. इथे चौथ्या पायरीतली माणसं लावा.

दुसरा पट्टा मधला, फुटकी काच, लक्ष्यांच्या चिंध्या आणि शॉटगनच्या पुंगळीतून निघालेल्या प्लॅस्टिकच्या पाकळ्यांचा. याच्याच पुढे, हवेत उडवून फोडलेल्या क्ले पिजनचा भगवा सडा. हे काम सर्वात कंटाळवाणं आणि सर्वात उपयोगी. पाकळ्या पाण्याबरोबर ओढ्यात जातात.

तिसरा पट्टा मातीच्या कड्याचा. गोळ्या आत रुतलेल्या असतात. पायथ्याशी वर पडलेल्या मोठ्या वस्तू उचला, कडा उकरू नका. उकरलं की शिसं मोकळ्या मातीत मिसळतं, पावसाबरोबर वाहतं, आणि जो बांध गोळी अडवत होता तोच ढासळतो. शिसं काढायचं की नाही आणि कसं, हा निर्णय खात्याचा.

क्रम असा ठेवा: आधी मोठ्या वस्तू, मग काच, मग क्ले पिजन आणि प्लॅस्टिक, पुंगळ्या शेवटी. मोठ्या वस्तू हलवताना आधी काठीने उलटा. सोफ्याखाली आणि फ्रिजमध्ये उंदीर, गांधीलमाश्या, ॲरिझोनात तर विंचू आणि रॅटलस्नेकही असतात. ओळीत दोन हातांचं अंतर ठेवून चाला.

जिवंत काडतूस ओळखायचं कसं. उडालेल्या पुंगळीचं तोंड उघडं असतं, आत बोट जाईल किंवा निदान उजेड दिसेल. तोंडाशी गोळी बसलेली असेल तर ते जिवंत. बुडाच्या मधोमध प्रायमरची छोटी गोल चकती असते. तिच्यावर खळगा पडलेला आणि तरीही तोंडाशी गोळी असेल तर ते न उडालेलं काडतूस, सर्वात बेभरवशाचं. पॉइंट टू-टू या बारीक काडतुसात मधली चकती नसते, खळगा बुडाच्या कडेला दिसतो. शॉटगनचं तोंड चांदणीसारख्या घड्या घालून बंद असेल तर ते भरलेलं. फाटलेलं, फुललेलं असेल तर रिकामं.

जिवंत काडतुसाजवळ झेंडी रोवा आणि नेमलेल्या माणसाला बोलवा. तो ते वेगळ्या, झाकण असलेल्या डब्यात ठेवेल. पितळाच्या बादलीत, कचऱ्याच्या पिशवीत, शेकोटीत कधीच नाही.

याहून वेगळी एक गोष्ट: पांढऱ्या दाण्यांची किंवा करड्या भुकटीची प्लॅस्टिकची बरणी. हे स्फोटक लक्ष्य असू शकतं, अमोनियम नायट्रेट आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भुकटीचं मिश्रण. २०१७ मध्ये ॲरिझोनात असंच एक लक्ष्य उडवल्यावर सॉमिल नावाचा वणवा पेटला आणि सुमारे ४७,००० एकर जळून गेले. बरणी, पाइपचे बंद तुकडे, लष्करी वाटणारी कुठलीही वस्तू दिसली की हात लावायचा नाही, आल्या पावली मागे फिरायचं, सगळ्यांना लांब न्यायचं आणि ९११ ला कळवायचं. रेंज नसेल तर कुठे जाऊन फोन करायचा, हे पाहणीतच ठरलेलं असतं.

८. शिसं घरी नेऊ नका

शिसं बहुधा तोंडावाटे शरीरात जातं. म्हणून कामाच्या जागेवर खाणं, पाण्याची बाटली उघडी ठेवणं, तंबाखू, सिगारेट, काही नाही. पाणी प्यायचं तर पट्ट्याबाहेर येऊन, मोजे काढून, हात धुऊन. सॅनिटायझरने शिसं जात नाही, साबण आणि पाणीच हवं. डबे गाडीत बंद ठेवा आणि सगळ्यांचे हात-तोंड धुऊन झाल्यावरच उघडा, जमल्यास परतीच्या वाटेवरच्या बागेत.

सहा वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायकांनी येऊ नये, यात सूट नाही. मोठ्या मुलांना दुसऱ्या पट्ट्यातलं कागद-प्लॅस्टिकचं काम द्या. बूट गाडीच्या डिकीत पिशवीत, घरी दाराबाहेर. चप्पल-बूट बाहेर काढायची आपली सवय इथे फारच कामाला येते. कपडे वेगळे धुवा आणि बाळाला उचलण्याआधी अंघोळ करा.

९. काम संपल्यावर

त्याच दगडाजवळून फोटो काढा. कचरा केंद्राची वजनाची पावती जपून ठेवा. किती जण, किती तास, किती पौंड, हे खात्याला आठवड्याच्या आत कळवा. पुढच्या वर्षी शुल्कमाफी मागताना हेच आकडे उपयोगी पडतात. डीएनआरच्या मान्य कामांवर २४ तास नोंदवले की राज्याच्या उद्यानांत आणि जमिनींवर गाडी नेण्याचा डिस्कव्हर पास फुकट मिळतो, म्हणून प्रत्येकाचे तास वेगळे लिहा.

समाजमाध्यमांवर फोटो टाकताना नेमकं ठिकाण टाकू नका. साफ, मोकळी जागा बघून पुढच्या शनिवारी गर्दी वाढते. ‘हे बंदूकवाले असेच’ अशा मथळ्याने तर मुळीच टाकू नका. शेजारी वाकून तासभर पुंगळ्या वेचणारी माणसं त्यांच्यातलीच होती, आणि पुढच्या वेळी तुम्हाला ती पुन्हा हवी आहेत.

साधारण तीन महिन्यांनी दोघांनी जाऊन जागा पाहून या. पुन्हा टीव्ही दिसला तर तो एकटा असतानाच कळवा किंवा उचलवून घ्या. एक पडला की दुसरा यायला वेळ लागत नाही. माहितीफलकाची मागणी याच भेटीनंतर करा, सोबत आधीचे आणि आताचे फोटो जोडून.